घरगुती उद्योगांची नोंदणी : लाभ व मर्यादा

शेतीच्या उत्पन्नास जोड म्हणून पापड, लोणची, मसाले, शेवया तयार करून विकण्याचा व्यवसाय खेड्यापाड्यांतील अनेक घरी चालतो. त्याची सरकारदरबारी नोंद केल्याने काय साधते व काय साधत नाही, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

नोंदणीचे प्रकार : खाद्यपदार्थ विकणाऱ्यास 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये नोंदणी करणे आवश्यक असते. 2011 च्या नियमावलीने लहान उत्पादकांसाठी परवान्याऐवजी साध्या नोंदणीची सोय केली. तीत मिळणारा 14 आकडी क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो. दुसरी ‘उद्यम’ नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू झाली. ती ऐच्छिक असून तिला शुल्क नाही. सबब मध्यस्थास पैसे देऊ नयेत.

लाभ : क्रमांक नसलेला माल शहरातील दुकानदार सहसा ठेवीत नाहीत, नोंदणीमुळे ही अडचण दूर होते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न उधारीचा होय. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे, करार काहीही असो, 45 दिवसांच्या आत चुकते करावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. मात्र या हक्काचा आधार हवा असल्यास माल देण्यापूर्वीच उद्यम नोंदणी करून ठेवणे इष्ट.

मर्यादा : केवळ दाखला मिळाल्याने उत्पन्न वाढत नाही. श्रीलंकेतील लहान व्यवसायांवर झालेल्या व 2013 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे आढळले की, नोंदणीनंतर थोड्याच व्यवसायांचा नफा पुष्कळ वाढला. बहुतेकांच्या प्राप्तीत फारसा फरक पडला नाही. बी उत्तम असले तरी मशागतीवाचून पीक येत नाही, तसेच हे आहे.

म्हणून नोंदणीबरोबर पुढील गोष्टी कराव्यात :

1. रोजच्या खर्चाची व विक्रीची वही ठेवावी. कर्ज मागताना तीच उपयोगी पडते.
2. मागणी लेखी घ्यावी, बिल द्यावे व माल पोचल्याची सही घ्यावी.
3. व्यवसाय गृहिणी चालवीत असल्यास नोंदणी व बँक खाते तिच्याच नावे असावे; अन्यथा कष्ट तिचे आणि पत दुसऱ्याची, असे होते.

ज्यांचा माल गावातल्या गावातच रोखीने खपतो, त्यांना उद्यम नोंदणीची घाई नाही. अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र त्यांनीही टाळू नये.