पेटीवर टेट्रिस

प्रश्न : अंबड तालुक्यातल्या शाळेत सातवीला संगीत शिकवतो. साधनं म्हणजे एक पेटी, एक ढोलकी. जुन्या व्हिडिओ गेमच्या धून वर्गात चालतील का?

उत्तर : बेलाशक. पण मारिओपासून सुरुवात नको, त्यात बोटं अडकतात. ‘टेट्रिस’ घ्या. 1989च्या गेमबॉयवरची ती धून मुळात रशियन लोकगीताची. गंधार, धैवत, निषाद कोमल लावा, की झाला आपला आसावरी थाट. त्या यंत्रात आवाज चारच : दोन चालीचे, एक बहुधा खर्जाचा, एक नुसत्या खरखरीचा, तालासाठी. तुमच्या वर्गाला तेवढंच झेपेल. दोन गटांना सरगम द्या, तिसऱ्याला फक्त षड्ज, ढोलकीला ठेका. मारिओ ऐकवायचा तो लयीसाठी. गेममधलं घड्याळ 100च्या खाली उतरलं की तीच चाल धावू लागते. तिथे टाळ्या धरायला सांगा. पोरं गडबडतील, हसतील. हसू द्या.