कोपऱ्याचे माप

आपल्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे व वरचे चार लाकडाचे. 1984 च्या आगीत त्याचा बराच भाग जळाला. जळालेले लाकूड परत येत नाही. परंतु माप नोंदलेले असेल, तर त्याचा घाट पुन्हा घडविता येतो. म्हणून संगणकावर आरेखन शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी कोपऱ्याचा हा लहानसा पाठ देत आहोत.

100 मिलिमीटर बाजूच्या चौकोनी खांबाचा छेद काढावा. ऑटोकॅडमध्ये 'फिलेट' ही आज्ञा देऊन त्रिज्या 20 लिहावी आणि कोपऱ्याच्या दोन्ही रेषा निवडाव्यात, म्हणजे कोपरा गोल होतो. त्रिज्या शून्य दिल्यास सुटलेल्या दोन रेषा टोकाशी नेमक्या जुळतात.

कोपरा तिरका छाटावयाचा असेल तर 'चॅम्फर' ही आज्ञा. येथे त्रिज्येऐवजी दोन्ही बाजूंचे अंतर द्यावे लागते. चारही कोपऱ्यांस 29.3 दिल्यास आठही बाजू सुमारे 41.4 होतात व खांब अष्टकोनी होतो.

नकाशावर नुसते 'कोपरा गोल' असे लिहू नये, आकडा लिहावा. मग सुतार बदलला तरी घाट बदलत नाही.