शेतातील साप : हात घालण्याआधी नजर घाला



सोयाबीन घरी आले की दिवाळीच्या कापडासाठी नागपूरला, गांधीबागेत एक फेरी होतेच. यंदा ती फेरी सवंगणीपूर्वी करा आणि यादीत आधी दोन वस्तू लिहा : चांगली बॅटरी आणि गमबूट. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य खेड्यांतली होती आणि जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, म्हणजे आपल्या निंदण-डवरणीच्या दिवसांतले होते.

साप दिसला की मारावा, हा उपाय नव्हे. उंदीर आहे तिथे साप येणारच. धामण मारली तर उंदीर वाढतात व त्यांच्यामागे दुसरा साप येतो. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे साप किंवा घोरपड मारणे हा गुन्हा आहे. त्यापेक्षा साप कुठे असेल हे आधी शोधण्याची सवय लावावी.

साप कसा शोधावा?

थरच्या वाळवंटात फुरसे तिरके सरकत जाते व वाळूवर सुट्या तिरप्या रेघा उमटतात. त्या पहाटेच पाहाव्या लागतात, वारा सुटला की पुसतात. तामिळनाडूतील इरुळा लोक असाच माग काढून साप पकडतात. १९७८ मध्ये स्थापन झालेली त्यांची सहकारी संस्था सर्पविषावरील औषधासाठी विष पुरवीत आली आहे. आपल्याला साप पकडायचा नाही; फक्त माग वाचायचा आहे.

पांदणीच्या मऊ फुफाट्यात सकाळी गुळगुळीत पट्टा किंवा नागमोडी रेघ दिसते का ते पाहावे. धुऱ्यावरच्या बिळाच्या तोंडावर कोळ्याचे जाळे असेल तर ते सहसा वापरात नसते. कडा घासून गुळगुळीत झालेल्या असतील तर तिथे ये-जा आहे. जवळ कात पडली असेल तर जास्तच सावध राहावे. उन्हाळ्यात काळ्या जमिनीच्या भेगा उंदरांना व सापांना आयते घर देतात. सोयाबीनची गंजी, पऱ्हाट्यांचा ढीग, कुटार, संत्र्याच्या आळ्यातील पालापाचोळा, पंपाची पेटी या जागी हात घालण्याआधी लांब काठीने हलवावे, थोडे थांबावे, मग काम सुरू करावे. सवंगणीच्या मजूर बायकांना ही सवय आवर्जून सांगावी, कारण पेंढीखाली हात त्यांचाच जातो.

घोणस जाड असते, अंगावर साखळीसारखे ठिपके असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते. फुरसे जेमतेम एक-दोन फुटांचे. मुरमाड माळावर दगडाखाली बसते व अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करते. मण्यारीची गफलत कवड्याशी होते. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात, तर मण्यारीचे मानेच्या मागे काही अंतरावर सुरू होतात व शेपटीकडे स्पष्ट होतात. पण ही ओळख लांबूनच करायची. खात्री नसेल तर साप विषारीच समजावा.

मण्यार रात्री घरात शिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तिचा दंश कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात. म्हणून खाटेवर झोपावे आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्या. कोठ्यातले ढेप-धान्य झाकून ठेवले की उंदीर कमी होतात.

दंश झाल्यास

दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, चोखू नये. मंत्र-तंत्रात वेळ घालवू नये. अंगठी, बांगड्या, जोडवी काढाव्यात. दंशाचा भाग काठीचा आधार देऊन न हलेल असा ठेवावा, रुग्णाला चालवू नये. साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. आपल्याकडे मिळणारे औषध नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर एकच आहे आणि डॉक्टर लक्षणे पाहूनच ते देतात.

बाजारात आलेल्यांना गांधीबागेपासून मेयो रुग्णालय जवळ आहे, पण शेतात असताना नागपूर गाठण्याचा हट्ट धरू नये. आधी जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. तेथील फोन नंबर आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक पंपघराच्या भिंतीवर रंगाने ठळक लिहून ठेवावा.