बॅगेत मावेल असा कंट्रोलर

प्रश्न : दर शनिवारी एसटीने पुण्याहून कोल्हापूरला जातो. वाटेत लॅपटॉपवर गेम खेळतो, पण मोठा कंट्रोलर बॅगेत मावत नाही. छोटा कोणता घ्यावा?

उत्तर : आधी सांगा, खेळता काय? ‘सेलेस्ट’सारखे द्विमितीय गेम असतील, तर ‘एट-बिट-डो’चा ‘झीरो २’ शर्टाच्या खिशातही जाईल. वजन जेमतेम २० ग्रॅम. मात्र त्याला अ‍ॅनालॉग स्टिकच नाहीत. फुटबॉलला किंवा कार-शर्यतीला तो कुचकामी, आणि हात मोठे असतील तर अंगठे लवकर कुरकुरायला लागतात. म्हणून मी त्याच कंपनीचा ‘एसएन३० प्रो’ सुचवेन. आकार जुन्या सुपर निन्टेन्डोच्या चपट्या कंट्रोलरसारखा, तरी दोन्ही स्टिक आहेत, व्हायब्रेशनही आहे.

घेतल्यावर बहुतेकांची गाडी एका जागी अडते. ब्लूटूथ जोडलेलं दिसतं, पण गेम ढिम्म हलत नाही. कारण विंडोजवरच्या बऱ्याच गेमना ‘एक्स-इनपुट’ मोड लागतो. ‘एसएन३० प्रो’ सुरू करताना एक्स आणि स्टार्ट ही बटणं एकत्र दाबा, मग जोडणी करा. स्टीमवरून खेळत असाल, तर त्याच्या सेटिंगमध्येही बटणं हवी तशी लावता येतात.

स्टिक बॅगेत दबून खराब होतात, तेव्हा कडक पाऊच घ्याच. ब्लूटूथ अडखळलं तर यूएसबी-सी केबल हाताशी असू द्या; पण नुसती चार्जिंगची नको, डेटा नेणारी हवी.