पट्ट्याची जाडी वाचताना

प्रश्न : नववीची मुले आलेख पाहून त्यातले आकडेच वाक्यांत उतरवतात. विश्लेषण कसे शिकवावे?

उत्तर : मुलांच्या हाती शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याचा १८६९ चा नकाशा द्यावा. विषय, नेपोलियनची १८१२ ची रशिया मोहीम. पट्ट्याची जाडी म्हणजे सैनिकांची संख्या : निघताना ४,२२,०००, मॉस्कोत १,००,०००, परतले १०,०००.

सुरुवातीला पेन खाली. फक्त पाहायचे. रंग काय सांगतो? खालची रेघ कशाची? ती तापमानाची, आणि तीही केवळ परतीच्या वाटेची.

इथेच खरी मेख आहे. ‘थंडीने सैन्य संपवले’ असे लिहून मुले मोकळी होतात. त्यांना जातानाचा पट्टा पुन्हा पाहायला लावावा. मॉस्को गाठेपर्यंतच तो चौथ्या हिश्श्याहून कमी उरला आहे, आणि नेपोलियन तिथे पोहोचला सप्टेंबरात! काही तुकड्या वाटेत वेगळ्या झाल्या, तेही नकाशातच दिसते. पण बाकीची घट हिवाळ्याच्या माथी मारता येत नाही.

मग लेखन. बेरेझिना नदीपाशी परतीचा काळा पट्टा ५०,००० वरून २८,००० वर येतो. या एकाच जागेवर तीन वाक्ये लिहून घ्यावीत : काय दिसते, त्यावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही. तिसरे वाक्य मुलांना सर्वांत जड जाते. त्याला भरपूर वेळ द्यावा.