गप्पी मासा : परिसर अभ्यासातील एक निरीक्षणपाठ

पावसाळा सरत आला की खेड्यातील शाळेच्या हजेरीपटावर तापाची छाया दिसू लागते. या तापाचे मूळ शाळेच्याच आवारातील उघड्या हौदात असू शकते, हे मुलांना केवळ सांगून पटत नाही. ते दाखवावे लागते. त्याकरिता रुंद तोंडाची काचेची बरणी व दोन-चार गप्पी मासे एवढे साहित्य पुरेसे होय.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील. नर जेमतेम तीन सेंटिमीटर, पण रंगीत व ठिपकेदार. मादी मोठी आणि फिकट. शहरांतील हौशी लोक त्यास काचपेटीत शोभेसाठी पाळतात. आरोग्य विभागाने मात्र त्यास डासांच्या अळ्या खाण्याच्या कामी लावले आहे. मासे मिळण्यासाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे विचारणा करावी. मादी अंडी न घालता सुमारे चार आठवड्यांनी पोहती पिले देते, आणि पुष्कळदा तीच पिले गिळूनही टाकते! मुले येथे हमखास प्रश्न विचारतात. उत्तराची घाई करू नये. बरणीत थोडी पाणवनस्पती घालून काय फरक पडतो, ते त्यांनाच पाहू द्यावे.

पहिल्या दिवशी मासे न घालता हौदातील अळ्या गाळणीने बरणीत घ्याव्यात व तोंडास फडके बांधावे. पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर राहते ती हिवतापाच्या डासाची अळी. डोके खाली करून तिरपी लोंबते ती इतर जातींची. दुसऱ्या दिवशी अळ्या मोजून मासे सोडावेत व काही वेळाने पुन्हा मोजणी करावी.

याच पाठात रोनाल्ड रॉस यांचा उल्लेख अवश्य यावा. हिंगोलीचा मुलूख तेव्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानातील सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू आढळले.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. उरलेले मासे कयाधू नदीत वा सिद्धेश्वर जलाशयात सोडू नयेत. ते झपाट्याने वाढतात व स्थानिक लहान माशांच्या अन्नात वाटेकरी होतात. त्यांची जागा बंदिस्त हौदात. पिण्याच्या रांजणातही मासे नकोत. तो घासून कोरडा करणेच योग्य. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात. हा आकडा फळ्यावर लिहावा, आणि रांजण किती दिवसांनी घासावा, हे गणित मुलांकडूनच सोडवून घ्यावे.