व्हीयू२ दोनदा मोजायचा का?

प्रश्न : हॅम रेडिओच्या सीक्यू डब्ल्यूपीएक्स स्पर्धेत व्हीयू२ उपसर्गाचं स्टेशन २० मीटरवर मिळालं, पुन्हा १५ मीटरवरही. गुणक दोन धरू का?

उत्तर : नाही, एकच. संपर्काचे गुण दोन्ही बँडवर मिळतील, पण उपसर्ग पूर्ण स्पर्धेत एकदाच गुणक ठरतो. व्हीयू३ मात्र वेगळा, लक्षद्वीपचा व्हीयू७ही वेगळा.

खरी गफलत कॉलसाइनमधल्या तिरप्या रेघेपाशी होते. नेदरलँड्समधून कोणी आपल्या कॉलसाइनपुढे नुसतं ‘पीए/’ लावून बोललं, तर अंक नसल्यामुळे शून्य जोडून उपसर्ग पीए० धरतात. शेवटी आलेल्या ‘/पी’ किंवा ‘/एम’ने उपसर्ग बदलत नाही. तरीही ऐकलेलं कॉलसाइन लॉगमध्ये रेघेसकट लिहा. घाईत रेघ सुटली, तर हाती आलेला नवा गुणक जातो.